मुंबईंत कोणाची खाणावळ कोठें सांपडते?

भिवंडीच्या माणसास मुंबईस जाण्याचे प्रसंग वर्षांतून अनेकदां येतात. कोणाचा आप्त परळच्या इस्पितळांत असतो, कोणास काळबादेवीच्या मुळजी जेठा मार्केटांत कापडाचे नमुने दाखवावयाचे असतात, कोणा विद्यार्थ्याची परीक्षा असते, तर कोणी मुलांस राणीची बाग दाखविण्यास निघालेला असतो. ठाण्यापर्यंत अथवा कल्याणपर्यंत बसनें किंवा रिक्षानें जावें व तेथून आगगाडी धरावी, हा क्रम ठरलेलाच आहे. काम होईतों दुपार टळते, पोटांत कावळे ओरडूं लागतात, आणि मग स्टेशनासमोर जें पहिलें हॉटेल दिसेल त्यांत मंडळी शिरतात. त्याच्या पाटीवर पंजाबी, चायनीज, गुजराती, साउथ इंडियन, मोगलाई अशीं पांच-सहा नांवें ओळीनें लिहिलेलीं असतात. आंत मात्र एकच भटारखाना, एकच आचारी आणि कांद्या-टोमॅटोचा एकच लाल रस्सा असतो. त्यांत पनीर टाकलें कीं तो पंजाबी होतो, कोंबडी टाकली कीं मोगलाई. पोट भरतें, पैसेही बरेच जातात, आणि मुंबईंत जें खावयास मिळालें असतें तें राहूनच जातें.

उडप्याचें, इराण्याचें, मालवण्याचें, गोंयकाराचें, सिंध्याचें असें निरनिराळें अन्न या शहरांत खरोखर मिळतें, आणि तें स्टेशनासमोरच्या हॉटेलाहून महाग असतेंच असें नाहीं. परंतु पाटी वाचून तें सांपडत नाहीं. त्यासाठीं शहराचा थोडा इतिहास ठाऊक असावा लागतो. नियम साधा आहे. एखाद्या प्रांतांतील पुरुष घरदार मागें ठेवून पोटासाठीं शहरांत आले, म्हणजे जेथें काम मिळालें त्याच्या आसपास ते राहिले; आणि त्यांच्याच मुलखाकडील कोणी तरी त्यांच्यासाठीं चूल पेटविली. त्या चुलीची पुढें खाणावळ झाली. म्हणून खाणावळ शोधणारानें मनाशीं प्रथम विचारावें तें असें: हे लोक कोणत्या कामासाठीं आले, कोठें उतरले, आणि बायकामुलांस बरोबर घेऊन आले कीं एकटे आले?

या नियमाचें सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे गिरणगांव. कावसजी नानाभाई दावर यांनीं १८५४ सालीं मुंबईंतील पहिल्या कापडगिरणीची कंपनी काढली, आणि पुढील पन्नास वर्षांत ताडदेव, भायखळा, लालबाग, परळ, वरळी या भागांत धुराड्यांचें रानच उभें राहिलें. गिरण्यांत काम करण्यास रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर, पुणें या जिल्ह्यांतून तरणे पुरुष आले. बायको, आईबाप आणि शेताचा तुकडा गांवींच राहिला. चाळींतील एकेका खोलींत दहा-दहा, पंधरा-पंधरा जण राहात. पाळ्या वेगवेगळ्या असल्यामुळें एक उठून कामावर गेला कीं त्याच्या जागीं दुसरा आडवा होई. अशा खोलींत स्वयंपाक कोण करणार? त्याच चाळींतील एखादी बाई, जिचा नवरा वारला आहे किंवा ज्याच्या पगारांत संसार भागत नाहीं अशी, दहा-वीस जणांस जेवूं घाली आणि महिन्याच्या पगारास त्यांजकडून पैसे घेई. हीच मूळची मराठी खाणावळ. तिला पाटी नव्हती, टेबल-खुर्च्या नव्हत्या. पाट मांडावे, पंगत बसावी, ती उठली कीं दुसरी बसावी. घाटावरच्या माणसांस भाकरी, झणझणीत कालवण आणि खर्डा लागे. कोंकणच्यांस भात, माशांची आमटी व आमसुलाचें सार. त्यामुळें एकाच चाळींत दोन तऱ्हेच्या खाणावळी असत, आणि माणूस कोणत्या दाराशीं वहाणा काढतो त्यावरून त्याचा मुलूख ओळखतां येई.

या बायकांचा व्यवहार बिकट होता. वाण्याचें सामान उधार, गिऱ्हाइकाचे पैसे महिन्याअखेरीस, आणि संप झाला कीं तेही बंद. पानावर बसलेल्या माणसास ऊठ म्हणावें तर जीभ रेटत नसे. भांडवलासाठीं सावकाराचें दार धरावें लागे, आणि व्याज फेडण्यांतच नफा सरे. गोव्याच्या मुक्तिलढ्यांत भाग घेतलेल्या प्रेमा पुरव यांनीं १९७५ सालीं या बायकांस एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापिलें आणि त्यांस बँकेकडून कर्ज मिळण्याची वाट मोकळी केली. ज्या बाईनें वीस वर्षें शेंकडों लोकांस जेवूं घातलें, तिच्या हातचा व्यवसाय हा व्यवसाय आहे असें बँकेच्या कागदावर प्रथमच लिहिलें गेलें. पुरवबाईंस २००२ सालीं पद्मश्री मिळाली. आमच्या मतें मुंबईच्या खाद्यजीवनाच्या इतिहासांत मोठमोठ्या हॉटेलांच्या मालकांपेक्षां या बाईंचें नांव आधीं घ्यावयास हवें.

१८ जानेवारी १९८२ रोजीं डॉक्टर दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखालीं गिरण्यांचा मोठा संप सुरू झाला. सुमारें अडीच लक्ष कामगार त्यांत उतरले. तो संप रीतसर कधीं मिटलाच नाहीं. बहुतेक गिरण्या पुढें बंद पडल्या, पुष्कळ कामगार गांवीं परतले, आणि कापड विणण्याचें बरेंचसें काम आपल्या भिवंडीच्या यंत्रमागांकडे आलें. लोअर परळच्या फिनिक्स गिरणीच्या जागेवर आज काचेचा मॉल उभा आहे, आणि तेथें जगांतील अनेक देशांचीं नांवें लावलेलीं भोजनगृहें आहेत. पण त्या गिरणींत राबणारा माणूस जें जेवत असे तें तेथें शोधूं नये. कामगार गेला तशी त्याची खाणावळही गेली. तिची खूण पाहावयाची असेल तर लालबागच्या मिरचीगल्लींत जावें. घरोघरच्या बायका तेथें आपल्या मापानें मिरच्या व गरम मसाला निवडून दळून नेतात. मालवणी मसाला कोणता आणि घाटी कोणता हें तेथला दुकानदार वासावरून सांगेल. कोंकणी जेवण मात्र अद्याप टिकून आहे. दादर पश्चिमेस गोमांतक, सिंधुदुर्ग अशा नांवाजलेल्या खाणावळी आहेत. तेथें बांगड्याच्या आमटींत तिरफळ लागलें आणि सोलकढींत नारळाचा ताजा रस असला, कीं आचारी खरा त्या मुलखाचा आहे असें समजावें. गिरगांवांतील खोताच्या वाडींतलें अनंताश्रम मात्र आतां बंद झालें आहे. त्याची आठवण काढणारीं माणसें अजून भेटतात.

मराठी पांढरपेशांची गोष्ट थोडी निराळी. ते गिरगांवांत व दादरास बिऱ्हाडें करून राहिले. त्यांस दोन्ही वेळच्या जेवणापेक्षां दुपारच्या फराळाची गरज अधिक. म्हणून त्यांच्या भागांत खाणावळीहून उपाहारगृहें पुष्कळ. मामा काणे यांनीं दादरास १९१० सालींच आपलें उपाहारगृह काढलें होतें. कोथिंबिरीची वडी, थालीपीठ, मिसळ, साबुदाण्याचा वडा, पियूष हे पदार्थ आजही दादरास प्रकाश, आस्वाद अशा ठिकाणीं चांगले मिळतात. पण हें अन्न आपल्या घरचेंच असल्यामुळें त्यावर अधिक लिहीत नाहीं.

दादरच्या एक स्टेशन अलीकडे, म्हणजे आपल्या वाटेवरच, माटुंगें लागतें. १८९६ सालीं मुंबईंत प्लेगची सांथ आली. शहराच्या दाट वस्तींतून माणसें बाहेर काढावींत म्हणून १८९८ सालीं इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला, आणि त्याच्या योजनेंतून दादर-माटुंगा भागांत रुंद रस्ते व नवीं घरें झालीं. कोटांतील कचेऱ्यांत तेव्हां इंग्रजी उत्तम लिहिणारे कारकून व टंकलेखक हवे होते. ते मद्रास इलाख्यांतून आले आणि या नव्या घरांत राहूं लागले. आधीं एकटे आले, मग कुटुंबें आणलीं. त्यांच्यामागोमाग दक्षिण कानडा जिल्ह्यांतून स्वयंपाकी व वाढपी आले. किंग्ज सर्कलजवळ १९४० सालीं कॅफे मद्रास निघालें. माटुंगा स्टेशनाच्या पूर्वेस राम आश्रय १९३९ पासून आहे. आणि त्याच स्टेशनालगत पहिल्या मजल्यावर १९४२ सालीं ए. रामा नायक यांनीं श्रीकृष्ण बोर्डिंग काढलें. येथें केळीच्या पानावर जेवण मिळतें: भात, सांबार, रसम, दोन भाज्या, पापड, ताक, भात पुन्हां हवा तितका. ज्यानें हें जेवण एकदां केलें त्यास इडली-डोसा म्हणजेच दक्षिण हा भ्रम राहात नाहीं.

येथें एक गैरसमज दूर करणें अवश्य आहे. आपण दक्षिणेकडील सर्व माणसांस सरसकट मद्रासी म्हणतों, तें बरोबर नव्हे. उडपी हें गांव कर्नाटकांत समुद्रकांठीं आहे. तेथील श्रीकृष्णाच्या मठांतील नैवेद्याच्या स्वयंपाकावरून उडपी पद्धत निघाली. मूळ पद्धतींत कांदा-लसूण नाहीं, आणि सांबारांत गूळ पडतो. तमिळ घरचें सांबार इतकें गोड नसतें. केरळची तऱ्हा आणखी तिसरी. तींत खोबरेल तेल आणि खोबरें यांचा हात सढळ. आंध्र-तेलंगणाचें जेवण चौथें, आणि तें किती तिखट असतें हें भिवंडीच्या मुलांस पद्मनगरांतील मित्रांच्या डब्यावरून ठाऊक असेल. उडप्यांच्या हॉटेलांत कपबशा विसळणारीं पुष्कळ मुलें आपल्या विद्यार्थ्यांच्याच वयाचीं होतीं. रात्रीं हॉटेल बंद झालें कीं तीं मुंबईंतील कानडी रात्रशाळांत जाऊन शिकत. त्यांतून कोणी पुढें हॉटेलांचे मालक झाले, कोणी बँकेंत लागले, तर कोणी वकील झाले.

आतां इराण्यांकडे वळूं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून इराणांतील यझ्द व करमान या भागांतून जरथुश्त्री लोक मुंबईस आले. पारशी येथें कित्येक शतकें आधीं आलेले होते. हे त्यांचेच धर्मबंधु, पण मागाहून आलेले व गरीब. त्यांनीं रस्त्यांच्या कोपऱ्यावरील दुकानें घेतलीं. कोपऱ्याची जागा अशुभ म्हणून इतर दुकानदार ती घेत नसत आणि ती स्वस्तांत मिळे, असें सांगतात. कारण कांहींही असो, कोपऱ्याला दोन रस्त्यांचें गिऱ्हाईक मिळतें हें त्यांनीं अचूक हेरलें. संगमरवरी टेबलें, वांकविलेल्या लांकडाच्या खुर्च्या, भिंतींवर आरसे, कडक ब्रून पाव, त्यावर मस्का, आणि दाट दुधाचा चहा असा यांचा थाट. धोबीतलावावर कयानी १९०४ पासून आहे; बॅलार्ड इस्टेटींत ब्रिटानिया १९२३ पासून. ब्रिटानियाचा बेरी पुलाव प्रसिद्ध आहे; त्यांतील लहान, लाल, आंबट फळें इराणांतून येतात. एके काळीं मुंबईंत अशीं दुकानें शेंकड्यांनीं होतीं, आतां मूठभर उरलीं आहेत. मुलांनीं दुसरा व्यवसाय धरला, जागांचे भाव चढले, आणि दोन आण्यांच्या चहावर दोन तास बसणारें गिऱ्हाईक कोणास परवडणार?

धोबीतलावाच्याच आसपास गोव्याच्या लोकांचे कूड होते, आणि त्यांतील कांहीं अजून आहेत. कूड म्हणजे एकेका गांवानें मुंबईंत घेतलेली सामाईक खोली. गोव्याचे पुष्कळ ख्रिस्ती लोक आगबोटींवर खलाशी, आचारी, वाजंत्री म्हणून नोकरी करीत. एक बोट सुटली आणि दुसरी मिळेपर्यंत मधले दिवस कूडांत काढावयाचे. एका बाजूस प्रार्थनेची वेदी, भिंतीला लागून ट्रंकांच्या रांगा, आणि सायंकाळीं सर्वांनीं मिळून जपमाळ म्हणावयाची अशी तेथली रीत. या खलाश्यांमुळें त्या भागांत गोव्याच्या ख्रिस्ती पद्धतीचीं भोजनगृहें झालीं. गोव्याचेंच पण हिंदु पद्धतीचें जेवण दादर-गिरगांवास मिळतें. एकाच भूमींतील दोन स्वयंपाकांत फरक कसा ओळखावा? आंबटपणा कशाचा आहे तें पाहावें. ख्रिस्ती घरीं ताडीचा शिर्का, हिंदु घरीं आमसूल किंवा चिंच. नारळ आणि मासे दोघांचेही.

कोटांतील बँका व पेढ्यांत काम करणाऱ्या मंगळूरकर व केरळीय नोकरदारांसाठीं जीं दुपारचीं भोजनगृहें निघालीं त्यांस लंच होम म्हणतात. नीर डोसा, कोरी रोटी, नारळाच्या वाटणांतील मासे तेथें खावेत. काळबादेवीचें कूळ व्यापाऱ्यांचें. गुजरात, काठेवाड व मारवाड येथून आलेल्या गुमास्त्यांसाठीं तेथें ज्या खाणावळी निघाल्या त्यांस गुजरातींत वीशी म्हणतात. श्री ठाकर भोजनालय १९४५ पासून आहे. मुळजी जेठा मार्केटांतून पायींच जातां येतें. फुलके ताटांत एकामागून एक पडत राहतात, आणि पुरे म्हटल्यावांचून वाढपी थांबत नाहीं. नवख्यानें पहिल्या दहा मिनिटांत हात आंखडता ठेवावा हें बरें.

मशीद बंदर व सँडहर्स्ट रोड या स्टेशनांच्या पश्चिमेस भेंडीबाजार व महंमदअल्ली रस्ता लागतो. येथील नूर महंमदी हॉटेल १९२३ पासूनचें. नल्ली निहारी हा पदार्थ तेथला विशेष. निहारी हा शब्द नहार म्हणजे सकाळ यावरून आला. रात्रभर मंद आंचेवर शिजलेलें मांस पहांटेच्या नमाजानंतर खाऊन मजूर कामास लागे. पलीकडे मदनपुरा. उत्तर हिंदुस्थानांतील आझमगड, बनारस इकडील मोमिन विणकर १८५७ नंतरच्या काळांत तेथें येऊन राहिले. भिवंडींतील कित्येक मोमिन घराण्यांचे आप्त अद्याप मदनपुऱ्यांत आहेत. म्हणजे आपल्याकडील एखाद्या मोहल्ल्यांत ईदेच्या दिवशीं जो सुगंध येतो, तोच मदनपुऱ्याच्या गल्लींत आला तर नवल मानूं नये.

१९४७ च्या फाळणीनें दोन नवीं स्वयंपाकघरें या प्रांतांत आणलीं. सिंधमधून आलेले निर्वासित कल्याणजवळच्या लष्करी छावणींत उतरले. १९४९ सालीं तिचें उल्हासनगर झालें. उल्हासनगर मुंबईपेक्षां आपल्याला जवळ आहे. तेव्हां दाल-पकवान, सिंधी कढी, साई-भाजी खाण्यासाठीं चेंबूरच्या किंवा शीवच्या सिंधी वस्तीपर्यंत जाण्याचें कारण नाहीं. हे लोक कुटुंबांसह आले, म्हणून त्यांच्या खाणावळी थोड्या आणि मिठाई-फरसाणाचीं दुकानें पुष्कळ. पंजाबी निर्वासितांची एक वसाहत शीव-कोळीवाड्यास झाली. कोळंबीस बेसन व मसाला लावून तळण्याचा जो प्रकार आज मुंबईभर कोळीवाडा या नांवानें विकतात, तो त्या वसाहतींतल्या पंजाबी हातांनीं घडविला असें सांगतात. नांव कोळ्यांचें, मासळी कोळ्यांची, आणि मसाला अमृतसरच्या वाटेचा! तसेंच मंच्युरियनचें. चिकन मंच्युरियन हा पदार्थ १९७५ च्या सुमारास नेल्सन वँग या आचाऱ्यानें मुंबईंतच बनविला असें मानतात; मंचुरियांतल्या मनुष्यास तो ओळखूं येणार नाहीं.

मग खऱ्या कोळ्यांचें जेवण कोठें मिळतें? आगऱ्यांचें? पाठारे प्रभूंचें? वसई, ठाणें, वांद्रें येथील ईस्ट इंडियन ख्रिस्ती लोकांचें? जे या भूमीवर सर्वांत आधींपासून आहेत त्यांच्याच खाणावळी शोधून सांपडत नाहींत, हें प्रथम विचित्र वाटतें. परंतु आरंभीं सांगितलेला नियम उलटा लावून पाहावा. ज्याचें घर जवळ आहे, ज्याची आई किंवा बायको घरीं रांधते, त्याला खाणावळ कशाला? त्यांचें अन्न घरांतच राहिलें. आगऱ्यांची तांदळाची भाकरी व सुकटीची चटणी आपल्या तालुक्यांतील कोणत्याही गांवांत घरोघर होते, पण पाहुणा म्हणून बोलावल्यावांचून ती खावयास मिळणें कठीण. ईस्ट इंडियन लोकांचा बाटलींत भरून ठेवण्याचा मसाला वर्षाला एकदां उन्हाळ्यांत कुटून होतो, आणि तो घातलेलें कालवण लग्नाच्या पंक्तींत खावें. अशा जेवणास पत्ता नसतो, ओळख लागते.

आतां शोधण्याविषयीं थोडें. हॉटेलाच्या गल्ल्यावर बसलेल्यास विचारूं नये. तो आपल्याच हॉटेलाचें नांव सांगणार. त्या मुलखाच्या माणसास विचारावें, आणि तेंही "चांगलें हॉटेल कोणतें" असें नव्हे, तर "आपण स्वतः कोठें जेवतां" असें. पहारेकरी, हमाल, टॅक्सीवाला, पोस्टमन यांचें उत्तर बहुधा खरें निघतें. देऊळ, मशीद, चर्च हीं चांगलीं खूण दाखवितात. माटुंग्यास आस्तिक समाजाच्या देवळाबाहेर जेथें दाक्षिणात्य पद्धतीचे गजरे आणि केळीचीं पानें विकतात, तेथून जेवणाची जागा दूर नसते. दुपारीं एक वाजतां दारांत उभें राहून आंत कोण बसलें आहे तें पाहावें. एकटेच पुरुष, मुकाट्यानें, भराभर जेवत असतील आणि वाढप्याशीं आपल्या भाषेंत बोलत असतील, तर जागा योग्य आहे. फक्त छायाचित्रें काढणारी मंडळी असतील तर पुढें चालावें.

वेळेचेंही भान हवें. कोटांतील लंच होम रविवारीं ओस पडतात. ब्रिटानिया दुपारचेंच असतें. रमझानांत भेंडीबाजाराची चूल सूर्यास्तानंतर पेटते आणि पहांटेपर्यंत जळते. श्रावणांत मालवणी खाणावळींत गर्दी नसते, पण पावसाळ्यांत कोळ्यांच्या होड्याच बंद असल्यामुळें मासळीही ताजी नसते. रुग्णासोबत आलेल्यांनीं आधीं भाव विचारून मगच बसावें. त्यांत लाज नाहीं. ताट मर्यादित कीं पोटभर, तेंही विचारावें. ज्यांना एखादें मांस वर्ज्य आहे त्यांनीं तें स्पष्ट बोलावें आणि उत्तर मिळाल्यावर नाक न मुरडतां पुढील पदार्थ मागावा. ज्याच्या पंक्तींत आपण बसलों आहों त्याच्या ताटाकडे पाहून "हें काय खातां!" म्हणणें हा अपराधच होय.

पंक्तीचा विषय निघाला म्हणून एक गोष्ट मुलांनीं ध्यानांत ठेवावी. वर ज्या जुन्या खाणावळींचें वर्णन केलें त्यांपैकीं पुष्कळांचीं दारें सर्वांस उघडीं नव्हतीं. ब्राह्मणांची निराळी, मराठ्यांची निराळी, मुसलमानांची निराळी. आणि ज्यांस अस्पृश्य म्हणत त्यांनीं बाहेर उभें राहावें, चहा वेगळ्या कपांत घ्यावा व तो आपणच विसळून ठेवावा, अशी रीत कित्येक ठिकाणीं होती. २६ जानेवारी १९५० पासून लागू झालेल्या राज्यघटनेच्या पंधराव्या कलमांत दुकानें, सार्वजनिक उपाहारगृहें व हॉटेलें यांत धर्म, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांवरून कोणासही मज्जाव करतां येणार नाहीं असें स्पष्ट लिहिलें आहे. विहिरी, तलाव यांच्याबरोबरच उपाहारगृहाचा उल्लेख घटनेंत करावा लागला, यावरून त्या दारांचा जाच किती होता तें कळतें. तेव्हां आज आपण माटुंग्यास पानावर बसतों आणि शेजारीं कोण बसला आहे हें विचारीत नाहीं, ती गोष्ट सहज मिळालेली नाहीं.

मुंबईचा पाहुणा उद्यां भिवंडीस आला आणि त्यानें आपल्याला हाच प्रश्न विचारला, तर काय सांगावें? येथेंही नियम तोच. यंत्रमागांवर उत्तर प्रदेश, बिहार, तेलंगणा येथून पुरुष आले, बहुतेक एकटे. त्यांच्यासाठीं गल्लोगल्लीं घरांतूनच ज्या खाणावळी चालतात त्यांस आपल्याकडे भिशी म्हणतात. दोन वेळचें जेवण, महिन्याचा हिशोब, आणि रांधणारी बहुधा घरची बाई: गिरणगांवाची चाळच जशी येथें उतरली आहे. पहांटे उठून तीस-चाळीस माणसांच्या पोळ्या लाटाव्यात, दुपारीं पुन्हां चूल, रात्रीं पुन्हां चूल. मार्च २०२० मध्यें टाळेबंदी झाली आणि माग थांबले, तेव्हां भिशांच्या चुलीही विझल्या. मजुरांकडे पैसा नाहीं, आणि बाईकडे वाण्याची उधारी. मे महिन्यांत भिवंडी रोड स्टेशनावरून गोरखपूरकडे मजुरांची आगगाडी सुटली, तींत या भिशांतले पुष्कळ जेवणारे होते. जे परत आले ते पुन्हां आपापल्या भिशींत जेवूं लागले. कित्येकांची बाकी अजून वहींत आहे.

पाहुण्यास तेलुगू जेवण हवें असेल तर पद्मनगर सांगावें, उत्तरेकडचें हवें असेल तर मोमिनांचे मोहल्ले. पाटी शोधूं नको म्हणावें. मागांची पाळी सुटण्याच्या वेळीं कारखान्याच्या दाराशीं उभें राहावें आणि माणसें कोणत्या गल्लींत वळतात तें पाहावें. दाराशीं चपलांचा ढीग दिसेल. तेथें आंतल्या बाईंस आधीं विचारावें, कारण महिन्याच्या गिऱ्हाइकांच्या मापानेंच भात शिजलेला असतो.